मायच्या फोटोभोवती पांढरी रेघ आली कशी?



आपल्या मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत स्टेजच्या मागे एक मोठा फ्लेक्स होता. त्यावर आपल्या संघाच्या पहिल्या अध्यक्ष काकूंचा फोटो होता. काकू आता नाहीत. त्यांचा धड असा एकच फोटो घरच्यांकडे होता, पोस्टकार्डाएवढा, तोही पिवळा पडलेला. तो स्कॅन करून मोठा करायचं काम मी घेतलं होतं. लॅपटॉपवर फोटो जरा धूसर वाटला म्हणून ‘शार्प’ची पट्टी सरकवत नेली. स्क्रीनवर काकू एकदम उठून दिसायला लागल्या. मी खूश.

फ्लेक्स लागला तेव्हा काकूंच्या डोक्याभोवती बोटाएवढी जाड पांढरी रेघ होती. देवाच्या फोटोमागे वलय असते ना, तसं. पदराच्या काठाला काळी रेघ आणि गालावर ठिपकेच ठिपके. काकूंची मुलगी बराच वेळ पाहत उभी राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, माह्या मायले देवी आल्या नव्हत्या कधी.”

तो फ्लेक्स मी सभा संपायच्या आधीच उतरवला. नंतर हे शिकून घेतलं, कारण मूळ फोटोत काहीच वाईट नव्हतं. जे बिघडलं ते माझ्या हातानं बिघडलं. आज हे लिहिते आहे त्याचं कारण वेगळं आहे. गेल्या काही महिन्यांत निदान आठ-दहा जणींनी मला विचारलं, सासऱ्यांचा फोटो मोठा करायचा आहे, आईचा फोटो फ्रेम करायचा आहे, दुकानवाला ‘एचडी’ करून देतो म्हणते, करू का? आपल्यातल्या काही ताई स्वतःच झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं सेंटर चालवतात, त्यांच्याकडे तर रोज कुणीतरी असा फोटो घेऊन येतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

काजळासारखं आहे

आधी एक गैरसमज काढून टाकू. शार्प केल्यानं फोटोत नसलेली गोष्ट परत येत नाही. कॅमेरा हलला होता, फोटो पुसट झाला, पापण्या दिसत नाहीत, तर त्या पापण्या कागदावरच नाहीत. त्या कुठून येणार? शार्प करणं म्हणजे फक्त कडा गडद करणं. जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो, तिथली उजेडाची बाजू आणखी उजळ करायची आणि अंधाराची बाजू आणखी काळी करायची. डोळ्यात काजळ घातलं की डोळा मोठा होत नाही, कड ठळक झाल्यानं तो उठून दिसतो. तसंच हे. आणि काजळ जास्त झालं की काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

ही सवय आपल्या डोळ्यालाच आहे. अर्न्स्ट माख नावाच्या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञांनी १८६५ मध्ये दाखवून दिलं की उजळ आणि काळा भाग शेजारी शेजारी असले की सीमेवर डोळा स्वतःच एक जास्त उजळ आणि एक जास्त काळी पट्टी पाहतो. ती पट्टी खरी नसते, पण दिसते. म्हणून फोटोत थोडीशी कड वाढवली तर डोळ्याला ती खपते, उलट फोटो स्वच्छ वाटतो. ती कड वेगळी रेघ म्हणून ओळखू यायला लागली की बिघडलं.

आता हे कॉम्प्युटर करतो कसं ते बघू. आपण गटाचे हिशोब लिहितो, त्यामुळे आकड्यात सांगितलं तर लवकर कळेल. स्कॅन केलेला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगच रांग. काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. समजा, काकूंच्या मागची भिंत २०० आहे आणि केस ५० आहेत. कॉम्प्युटर आधी त्या फोटोची एक मुद्दाम धूसर प्रत बनवतो. धूसर केलं की सीमेवरचे आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून भिंतीच्या बाजूचा ठिपका २०० चा १६० होतो आणि केसांच्या बाजूचा ५० चा ९०. आता मूळ आणि धूसर यांतला फरक काढायचा. भिंतीकडे अधिक ४०, केसांकडे वजा ४०. हा फरक मूळ आकड्यात मिळवायचा. भिंत २४०, केस १०. झाली कड ठळक.

पण भिंत तर सगळी २०० ची आहे. केसांना लागून असलेली तेवढीच पट्टी २४० झाली. तीच ती पांढरी रेघ. आणि मी केलं तसं फरक दुप्पट करून मिळवला, तर भिंत २८० व्हायला हवी आणि केस वजा ३०. तेवढं तर खात्यातच बसत नाही. मग ते २५५ वर आणि ० वर अडकतात, म्हणजे कोरा पांढरा आणि ठार काळा. तिथले केस, तिथला भिंतीचा रंग, सगळं गेलं. ती फाईल तशीच सेव्ह केली की ते परत काढता येत नाही.

या पद्धतीचं नाव ‘अनशार्प मास्क’ असं आहे. नाव ऐकून वाटते की हे फोटो धूसर करत असेल. मलाही वाटलं होतं, म्हणून पहिल्यांदा मी त्या बटणाला हातच लावला नव्हता. नाव त्या धूसर प्रतीवरून पडलं. कॉम्प्युटर यायच्या आधी डार्करूममध्येही हे करत. निगेटिव्हची एक धूसर उलटी प्रत करायची, ती मूळ निगेटिव्हला जोडून लावायची आणि त्या दोन्हींतून उजेड टाकून कागदावर छापायचं. ती धूसर प्रत म्हणजे मास्क.

तीन पट्ट्या, आणि त्यातली फसवी कोणती

अनशार्प मास्क उघडलं की तीन पट्ट्या दिसतात. अमाउंट, रेडियस आणि थ्रेशोल्ड.

अमाउंट म्हणजे तो फरक किती मिळवायचा. १०० टक्के म्हणजे पूर्ण फरक, ५० टक्के म्हणजे अर्धा. गिंप नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात ०.५ लिहिलं की ५० टक्के. थ्रेशोल्ड म्हणजे किती छोट्या फरकाकडे दुर्लक्ष करायचं. गालावर, आकाशात, भिंतीवर बारीक कमीजास्त असतेच, जुन्या फोटोत तर दाणे दिसतात. थ्रेशोल्ड ० ठेवला तर कॉम्प्युटरला त्या दाण्याचीही कड वाटते आणि तो त्याला काजळ घालतो. काकूंच्या गालावर देवीचे वण उमटले ते यामुळेच. २५५ च्या हिशोबात ४ ते ८ एवढा थ्रेशोल्ड ठेवला तर गाल गालासारखे राहतात. गिंपच्या नव्या आवृत्तीत हाच आकडा ० ते १ मध्ये मागतात, तिथे ०.०२ किंवा ०.०३ लिहायचं.

फसवी पट्टी रेडियसची. रेडियस म्हणजे रेघ किती रुंद होईल. रेडियस १ असला तर कडेचा एखाद-दुसरा ठिपका बदलतो, १० असला तर साधारण १० ठिपके. लॅपटॉपवर पूर्ण फोटो एका नजरेत दिसावा म्हणून तो लहान करून दाखवलेला असतो, त्यामुळे ती १० ठिपक्यांची रेघ तिथे केसाएवढी वाटते, उलट छान वाटते. मी तिथेच फसले. हिशोब करून पाहा. काकूंचा फोटो ४ इंच रुंद. मी तो इंचाला ३०० ठिपके याप्रमाणे स्कॅन केला, म्हणजे रुंदीत १२०० ठिपके. फ्लेक्सवर तोच फोटो ४ फूट, म्हणजे ४८ इंच केला. १२०० भागिले ४८, इंचाला २५ ठिपके. एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा झाला. रेडियस १० होता, म्हणून रेघ एक सेंटिमीटर. माझं बोट तेवढंच जाड आहे.

म्हणून शार्प करताना फोटो १०० टक्क्यांवर उघडून बघायचा. स्क्रीनवर फोटो मोठा होऊन त्याचा एकच तुकडा दिसतो. तो तुकडा कपाळ आणि केस जिथे मिळतात तिथला घ्या, नाहीतर पांढऱ्या पदराचा काठ आणि मागची काळी बाजू जिथे मिळते तिथला. रेघ आली तर पहिल्यांदा तिथेच दिसते. रेडियस १ पासून सुरू करा, अमाउंट ८० ते १०० ठेवा. रेघ वेगळी दिसते का ते पाहा. दिसली तर आधी रेडियस कमी करा, अमाउंट नंतर. चेहऱ्याच्या फोटोला रेडियस २ च्या वर न्यायची गरज मला तरी अजून पडली नाही.

रंगीत फोटोत आणखी एक भानगड होते. कडेला निळी किंवा लाल झाक येते, कारण तिन्ही रंगांवर वेगवेगळी कड चढते. जाणकार दुकानदार फक्त उजेडाच्या थरावर शार्प करतात आणि रंगाला हात लावत नाहीत. त्यांना एवढंच सांगायचं, “रंगावर नको, फक्त ब्राइटनेसवर करा.” ज्याला येते त्याला लगेच कळते.

शार्प सगळ्यात शेवटी

चुकीचा क्रम हे निम्म्या बिघाडाचं कारण आहे. स्कॅनरच्या सेटिंगमध्येच बरेचदा अनशार्प मास्कची खूण असते. ती काढून टाका. स्कॅनरनं एकदा कड वाढवली, मग दुकानदारानं, मग छापणाऱ्यानं, असं तिघांनी मिळून तीनदा काजळ घातलं तर रेघ येणारच.

आधी स्कॅनरची काच कोरड्या मऊ कपड्यानं पुसायची. फोटोवर कपडा घासायचा नाही, ओला तर अजिबात नाही. मऊ ब्रशनं धूळ झटकायची. स्कॅन झाला की तो टिफमध्ये सेव्ह करून ठेवायचा आणि त्याला ‘मूळ’ असं नाव द्यायचं. त्या फाईलला पुन्हा हात लावायचा नाही, सगळं काम प्रतीवर. आपण गटाचं इतिवृत्त लिहिल्यावर त्यात खाडाखोड करत नाही, तसंच हे. मग प्रतीवरची धूळ, ओरखडे काढायचे. मग उजेड-अंधार नीट करायचा, पिवळेपणा काढायचा. मग जेवढ्या आकाराचा छापायचा तेवढा आकार करायचा. आणि हे सगळं झाल्यावर शार्प.

धुळीच्या आधी शार्प केलं तर प्रत्येक धुळीच्या कणाला काळीपांढरी कड येते आणि ते काढताना नाकी नऊ येतात. आकार बदलायच्या आधी शार्प केलं तर रेघही फोटोबरोबर मोठी होते. म्हणून अल्बमसाठी केलेली फाईल फ्लेक्सला देऊ नका. फ्लेक्ससाठी मूळ फाईलवरून वेगळी करा.

स्कॅन किती ठिपक्यांवर करायचा? पोस्टकार्डाएवढ्या फोटोला इंचाला ६०० पुरेसे. पासपोर्ट फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद असतो. तो ६०० वर स्कॅन केला तर रुंदीत साधारण ८२५ ठिपके मिळतात, १२०० वर केला तर १६५० च्या आसपास. ५ बाय ७ च्या फ्रेमसाठी तेवढे भरपूर झाले. त्याच्यावर कितीही वाढवलं तरी बहुतेक कागदाचे धागे आणि दाणेच मोठे होतात, चेहरा नाही. माझं ऐकाल तर पासपोर्ट फोटोवरून भिंतीएवढी फ्रेम करू नका. छोट्या फ्रेममध्ये आईचा चेहरा जास्त खरा दिसतो. दुकानदार मोठ्याच फ्रेमचा आग्रह धरेल, मोठ्या फ्रेमला पैसे जास्त.

काही फोटोंना शार्प मानवतच नाही

जुन्या रंगीत फोटोंमध्ये काहींचा कागद गुळगुळीत नसतो. बोट फिरवलं की बारीक जाळी लागते. पूर्वी लग्नाच्या अल्बमला असा कागद बरेचदा वापरत. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं येतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि अख्ख्या चेहऱ्यावर जाळी येते. त्याला शार्प केलं तर नवरा-नवरी दोघं मच्छरदाणीत बसल्यासारखे दिसतात. इथे युक्ती आहे. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून, म्हणजे डोकं खाली पाय वर असा, दोनदा स्कॅन करायचा. मग कॉम्प्युटरवर दुसरा सरळ करून पहिल्यावर बरोबर बसवायचा आणि अर्धा पारदर्शक करायचा. सावल्या दोन उलट बाजूंच्या असल्यानं बऱ्याचशा एकमेकींना पुसतात. दोन्ही फोटो केसाएवढेही सरकता कामा नये, त्यामुळे वेळ लागतो. ज्या ताई सेंटर चालवतात त्यांनी एकदा करून बघा. याचे वेगळे पैसे मागितले तरी कुणी नाही म्हणणार नाही.

वर्तमानपत्रातला किंवा पुस्तकातला फोटो हा तर फोटोच नसतो, शाईचे ठिपके असतात. भिंग धरा, दिसतील. शार्प म्हणजे कड वाढवणं, आणि इथे प्रत्येक ठिपक्याला कड आहे. स्कॅनरमध्ये ‘डिस्क्रीन’ म्हणून खूण असते, छापील चित्रासाठी ती लावायची. नाहीतर ६०० वर स्कॅन करून फाईल लहान करायची, म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळतात. त्यानंतर शार्प अगदी नावाला.

हे सांगताना मला आपल्या नागपूरचाच एक फोटो आठवतो. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गाची मोठी परिषद झाली आणि त्याच वेळी २० जुलैला महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला विरोध, गिरणी आणि बिडी कामगार बायकांना रजा, असे ठराव त्या बायकांनी तेव्हा केले. स्वातंत्र्याच्याही आधी! त्या जुलै महिन्यातला, बाबासाहेबांसोबत महिला प्रतिनिधींचा एक ग्रुप फोटो आहे. दीक्षाभूमीवर, पुस्तकांत, आपल्या मेळाव्याच्या बॅनरवर, मोबाईलवर तो तुम्ही पाहिला असेल.

जो फोटो असा सगळीकडे फिरतो, त्याच्या मोबाईलवर येणाऱ्या प्रती बहुतेक प्रतीच्या प्रती असतात. कुणीतरी पुस्तकातून स्कॅन केला, कुणी त्याचा मोबाईलवर फोटो काढला, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला, कुणी शार्प केला, कुणी बॅनरवरून पुन्हा फोटो काढला. दर वेळी शाईचे ठिपके, व्हॉट्सॲपचे चौकोन आणि पांढऱ्या रेघा आणखी पक्क्या होतात. अशा प्रतीत बाबासाहेबांचा चेहरा आपण ओळखतो, कारण तो आपल्या मनातच आहे. पण मागच्या बाईचा चेहरा? तिची नात आज कुठल्यातरी गावात आपल्या एखाद्या गटात बसत असेल. तिला आजी ओळखता यायला पाहिजे. बॅनर करताना मोबाईलवर आलेला फोटो घेऊ नका. चांगल्या छपाईच्या पुस्तकातून डिस्क्रीन लावून स्कॅन करा आणि थोडा धूसर दिसला तर दिसू द्या. धूसर चेहऱ्यात माणूस ओळखू येतो, रेघा मारलेल्या चेहऱ्यात येत नाही.

मोबाईलवर करत असाल तर

बहुतेक जणींकडे स्कॅनर नाही, मोबाईल आहे. त्यावरही बरं होते. फोटो सावलीत, खिडकीजवळ, सपाट ठेवा. मोबाईल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फोटोचा थर काचेवरच राहून जातो. काचेसकट काढा, आणि काचेत स्वतःची सावली दिसत असेल तर गडद रंगाचा कपडा मोबाईलच्या मागे धरा.

मोबाईलचा कॅमेरा फोटो काढतानाच स्वतःहून शार्प करतो, हे लक्षात ठेवा. म्हणजे एक हात काजळ आधीच लागलेलं आहे. स्नॅपसीड ॲप फुकट आहे. त्यात ‘डिटेल्स’ उघडलं की ‘स्ट्रक्चर’ आणि ‘शार्पनिंग’ अशा दोन गोष्टी असतात. जुन्या चेहऱ्याला स्ट्रक्चर ० च ठेवा, ते सुरकुत्या आणि दाणे ओढून काढते. शार्पनिंग १० ते २० च्या वर नको. केलेला बदल ब्रशनं फक्त हवा तिथे लावायची सोय त्यात आहे. डोळे, भुवया, ओठ, कुंकू, मंगळसूत्राचे मणी एवढ्यावरच फिरवा. गाल, कपाळ आणि मागची भिंत तशीच सोडा. स्टुडिओवाले पूर्वी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं हात फिरवायचे, तेही चेहऱ्यावरच. आपण त्यांच्याच रांगेतलं काम करतो आहोत.

फोटो दुकानात पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान आणि दाबला जातो, आणि मोबाईलवरची जेपीजी फाईल ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत दाबलेली असते. शार्प केलं की ते चौकोन फरशीसारखे दिसतात.

आता ‘एचडी’ करून देणारी ॲप. एका बटणात धूसर चेहरा चकचकीत होतो. दाखवणारा म्हणतो, बघा, किती स्पष्ट! पण वर सांगितलं तसं, जे कागदावर नाही ते परत येत नाही. हे ॲप इतर खूप चेहरे पाहून शिकलेलं असते आणि रिकाम्या जागी अंदाजानं डोळे, दात, कातडी भरते. म्हणून त्यातून निघालेली म्हातारी कुणासारखी तरी दिसते, आपल्या आजीसारखी नाही. कपाळावरचं गोंदण गायब झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. एका ताईनं असा फोटो तेराव्यासाठी करून आणला, तर त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, “थे कोन होय?” अनशार्प मास्कची रेघ वाईट, पण ती निदान दिसते. हा बदल दिसत नाही, आणि दहा वर्षांनी पोरं तोच चेहरा खरा समजतील. करायचंच असेल तर मूळ स्कॅन शेजारी ठेवून डोळे, नाक, गोंदण, दात एकेक जुळवून पाहा.

जाता जाता कागदपत्रांचं. जुनी टी.सी. किंवा जुना दाखला अर्जाला जोडायचा असेल तर तो शार्प वगैरे करू नका, जसा आहे तसाच स्कॅन द्या. पुसट शाई आपल्याला वाचायची असेल तर वेगळ्या प्रतीवर हवं ते करून वाचा, पण ती प्रत घरीच ठेवा.

दुकानात गेल्यावर लाजू नका. तीन गोष्टी सांगा. मूळ स्कॅनची फाईल मला पेनड्राइव्हवर द्या. शार्प शेवटी आणि कमी करा. छापायच्या आधी डोक्याजवळचा भाग १०० टक्क्यांवर दाखवा. पहिल्यांदा दुकानदार जरा तुमच्याकडे बघेल. मला तर एकानं विचारलं होतं, “तुम्ही फोटोग्राफर आहात का?”

काकूंचा फोटो मी पुन्हा केला. त्यांच्या मुलीकडून मूळ फोटो मागून आणला, ६०० वर स्कॅन केला, रेडियस १.५, अमाउंट ८०, थ्रेशोल्ड ६. फ्लेक्स ४ फुटांऐवजी अडीच फुटांचा केला. त्यात काकू थोड्या धूसरच आहेत आणि डाव्या गालावर कागदाची घडी पडली होती तिची खूण राहिली आहे. ती मी काढणार होते, मुलीनं काढू दिली नाही. ती घडी काकूंच्या पाकिटात पडलेली होती म्हणे. फोटो काकूच जवळ घेऊन फिरायच्या.

पुढच्या मासिक बैठकीला मी लॅपटॉप आणि छोटा स्कॅनर आणणार आहे. ज्यांना घरचे जुने फोटो स्कॅन करून घ्यायचे आहेत त्यांनी ते कोऱ्या कागदाच्या घडीत, वहीत घालून आणा. पिन मारू नका, स्टेपल करू नका आणि मागे पेनानं नाव लिहू नका. नाव लिहायचं तर वरच्या कागदावर लिहा. एका वेळी प्रत्येकीचे दोनच फोटो होतील, म्हणून आधी घरी बसून कोणते दोन ते ठरवून या.